खड्ड्याची जागा

कामेन्ने विश्रामघर
गुरुवार, ३० डिसेंबर १९९३

प्रिय डोरा,

वहिनींनी पाठवलेलं सगळं पोचलं. खसखशीच्या गोळ्या वेंडोने वाटेतच निम्म्या संपवल्या आणि उरलेल्या उपकार केल्यासारख्या माझ्या हातावर ठेवल्या. कोबीचं सूप तेवढं पूर्ण आलं, कारण ते डब्यात गोठलं होतं आणि त्याला फोडता आलं नाही.

तुझा भाऊ बैल होत चाललाय. सोमवारी पंचाहत्तर किलो घेऊन वर आला. पाठीवरची लाकडी चौकट दारातून शिरेना, तर उलटा फिरून पाठीने आत घुसला आणि मलाच म्हणतो, "काका, दार आक्रसलंय तुमचं." चोवीस वर्षांचा झाला, अक्कल अजून गुडघ्यात, असं मी म्हटलं. तर म्हणे, हमालाला ती तिथेच लागते.

रोज सकाळी सातला रेडिओवर तुझा आवाज ऐकतो. तू बर्फाच्या लोंढ्याच्या धोक्याचा आकडा सांगतेस, एक ते पाच, आणि मी चहा गाळतो. तात्रा डोंगरातली सगळी विश्रामघरं ऐकत असतात, म्हणून तिथे आपलं घरचं काही बोलता येत नाही. ते वेंडोच्या खिशातून जाऊ दे. शुक्रवारी खाली उतरताना नेईल, शनिवारी तुझं घेऊन येईल.

तो म्हणाला, ख्रिसमसच्या जेवणात त्याने तुला इथलं सगळं सांगितलं. माझं खणणं, माझे नखरे, सगळं. आणि तू काहीच बोलली नाहीस. बरं केलंस. तुझ्या कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर गेलं असतं तर सोमवारी कागद आला असता. माझ्या भावाची मुलगी शोभतेस.

या बुधवारी बर्फात खणलेल्या खड्ड्याचा तक्ता सोबत आहे. एकशे बारा सेंटिमीटर. वरचा थर चार बोटं, मधला एक बोट, खालचा पेन्सिल. हे तुला मीच शिकवलं, तू नऊ वर्षांची असताना. ज्या थरात मूठ शिरते तो वाईट, चार बोटं शिरली तर बरा, एकच बोट शिरलं तर त्याहून बरा, पेन्सिल लागली तर चांगला, आणि सुरी लागली तर त्यावर घर बांधायला हरकत नाही. आता तू मला छापील तक्ते पाठवतेस आणि मी मुकाट भरतो. सत्तावीस हिवाळे भरतोय.

तुझा
गेझाकाका


ब्रेझोव्हा
शुक्रवार, ७ जानेवारी १९९४

प्रिय गेझाकाका,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुमचं पत्र वाचून आई हसली, मग म्हणाली, "एकटे राहून राहून तिरके बोलायला लागलेत." मी म्हटलं, ते आधीपासूनच तसे होते.

ख्रिसमसला वेंडो नेहमीसारखा सुसाट सुटला होता. मी तव्यापाशी मासे तळत होते, निम्मं ऐकलं, निम्मं करपलं. तुमच्या नखऱ्यांबद्दल वेगळं ऐकायची मला गरज नाही.

आता कामाचं. डिसेंबरात तीन आठवडे कोरडी थंडी पडली. बर्फ पातळ आणि वरून गारठा, त्यामुळे तळाचा थर मोकळा झालाय. साखरेसारखे रवे, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ साचला की सगळी चादर या रव्यांवरून सरकायला मोकळी. आमच्या इतर सातही जागी हा थर सापडलाय. फक्त तुमच्याकडे नाही.

काळ्या उतारावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पडत नाही. असला थर कुठे असायला हवा तर तिथेच. वेंडो आठवड्यातून पाचदा पाठीवर साठ-सत्तर किलो घेऊन तो उतार ओलांडतो. म्हणून सांगते, पुढच्या बुधवारी तिथल्या ठरलेल्या जागी, मोठ्या दगडाखाली खणाल तेव्हा पार जमिनीपर्यंत जा आणि तळाशी मूठ घालून बघा.

वेंडोने सांगितलं का? मे महिन्यातल्या हमालांच्या शर्यतीत तो यंदा शंभर किलो उचलणार आहे. आईने त्याच्याशी बोलणं सोडलंय. म्हणजे दिवसातून पाच मिनिटं.

तुमची
डोरा


कामेन्ने विश्रामघर
गुरुवार, १३ जानेवारी

प्रिय डोरा,

खणलं. जमिनीपर्यंत गेलो, खाली गवत दिसलं. तळाशी मूठ घातली, गेली नाही. बोट घातलं, गेलं नाही. पेन्सिल कशीबशी. तक्त्यात लिहिलंय. साखर तुमच्या कार्यालयातच जास्त झालीये, चहात कमी घाला.

तुला एक सांगतो, तू पुस्तकं वाचलीस, मी बर्फ वाचला. ही दरी वेगळी आहे. इथे वारा खालून येतो आणि बर्फ दाबून टाकतो. शिवाय माणसं रोज चालतात. तुझे आजोबा याच वाटेने दाण्याची पोती वर आणायचे. एकदाही लोंढा आला नाही.

वेंडो मजेत. त्याच्या शर्यतीसाठी मी त्याला रोज तीन वाट्या हालुश्की देतो, बटाट्याचे उकडलेले गोळे, वर मेंढीचं ब्रिंझा चीज घालून. तुझ्या आईला सांगू नकोस, त्या तेवढ्यावरून माझ्याशीही बोलणं सोडतील.

गेझाकाका


ब्रेझोव्हा
शुक्रवार, २१ जानेवारी

गेझाकाका,

हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा फाडलं.

तुमचे गेले पाच तक्ते टेबलावर शेजारी शेजारी मांडलेत. २२ डिसेंबरपासून परवापर्यंत तळाचा थर तोच. पेन्सिल, पेन्सिल, पेन्सिल, पेन्सिल, सुरी. मधल्या थरांत एका सेंटिमीटरचा फरक नाही. पाच आठवड्यांत बर्फ असा थिजून बसत नाही. तो रोज बदलतो, तुम्हीच मला शिकवलंय.

आमच्या साहेबांनीही पाहिलंय. ते म्हणाले, "तुझे काका बसल्या जागी आकडे उतरवतात." त्यांना तुमच्याकडे बर्फ मोजणाऱ्या यंत्राचा खांब उभा करायचाय, म्हणजे तुमचं काम संपेल. मी म्हटलं, थांबा, आधी मी विचारते.

तर विचारते. मागच्या आठवड्याचा तक्ता बघून पुढचा भरता का? थंडी असते, वय झालंय, मी समजू शकते. पण खरं सांगा. मला त्यावरून रोज एक आकडा सांगायचा असतो.

डोरा


कामेन्ने विश्रामघर
गुरुवार, २७ जानेवारी

डोरोता,

सत्तावीस वर्षांत मी एक आकडासुद्धा उतरवलेला नाही. एकही नाही. तुझ्या साहेबाला सांग, वर ये, माझ्या हातातलं फावडं घे, आणि उणे अठरात दीड तास गुडघ्यावर बसून थर मोज. मग बोल.

दर बुधवारी खणतो. नवा खड्डा खणतो, जुन्याला हात लावत नाही. प्रत्येक थर हाताने बघतो. जे हाताला लागतं ते लिहितो. बर्फ पाच आठवडे तसाच राहिला तर त्याला मी काय करू, त्याला गुदगुल्या करू? कुठे खणतो ते तुला ठाऊक आहे. ते ठाऊक असून तू मला चोर म्हणतेस, याचं जास्त लागलं.

तुझा बाप गेला तेव्हा वेंडो सहा वर्षांचा होता. त्याला चालायला मी शिकवलं या दगडांवर. त्याच्या जिवाशी मी खेळेन असं तुला वाटत असेल तर आपलं पत्रं लिहिणं बंद केलेलं बरं.

तक्ता सोबत आहे. पेन्सिल. उतरवलेली नाही.

गेझा


ब्रेझोव्हा
शुक्रवार, ४ फेब्रुवारी

प्रिय गेझाकाका,

माफ करा. तुमचं पत्र वाचून मला दिवसभर जेवण गेलं नाही. वेंडोलाही विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी दर बुधवारी बघतो ना, काका स्वतः खणतात, दर वेळी नवा खड्डा." त्याने शपथ घ्यायची तयारी दाखवली, आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

जागेबद्दल मी बोललेच नव्हते. आकड्यांबद्दल बोलले, आणि चुकले. साहेबांना मी आज सांगितलं, माझ्या काकांच्या शब्दावर मी उभी आहे. त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात वर येणार होता, तो मी थांबवलाय. यंत्राचा खांब तूर्त दुसरीकडे जाईल.

बुधवारपासून इथे सारखं पडतंय. वरही पडत असेल. वारा वायव्येचा, बर्फ काळ्या उतारावरच नेऊन टाकणार. बाकीच्या दऱ्यांना मी उद्या तीन देतेय. तुमच्या दरीत तळ पक्का आहे, म्हणून दोनच ठेवतेय. तुमच्या तक्त्याच्या भरवशावर, काका. राग गेला असेल तर रेडिओवर उद्या नीट बोला, नुसते आकडे थुंकू नका.

वेंडो हे पत्र सकाळी घेऊन निघेल. आईने त्याच्याबरोबर तुमच्यासाठी लोकरीचे मोजे दिलेत, हिरवे. रंगाबद्दल बोलू नका.

तुमची
डोरा


ब्रेझोव्हा
शनिवार, २६ फेब्रुवारी

श्री. गेझा हुदाक यांस,

मी वर ‘काका’ असं लिहिणार होते. हात वळला नाही.

वेंडोला पुरून अठरा दिवस झाले. तुम्ही आला नाहीत. आई दोनदा उठून फाटकापर्यंत गेली, "भाऊजी येतील" म्हणाली. मी सांगितलं, रस्ता बंद आहे. रस्ता बंद नव्हता.

परवा मी चौकशी समितीबरोबर वर आले होते. तुम्ही चहा ठेवलात आणि आत निघून गेलात, म्हणून मला काय दिसलं ते तुम्हाला माहीत नाही. सांगते. जिथून चादर तुटली तिथे साहेबांनी आणि मी थर मोजले. तळाचे सव्वीस सेंटिमीटर साखर. हात लावला की गळत होती. मूठ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मूठ. सातही जागी सापडली ती साखर तुमच्याकडेही होती, काळ्या उतारावर सगळ्यात जास्त होती.

परतताना हमालांच्या विसाव्यापाशी थांबलो. जिथे ते दगडी बाकावर पाठीचं ओझं टेकवतात, तिथे. उन्हाने वरचा बर्फ बसला होता. बाकामागे आठ खोलगट जागा दिसल्या. एका ओळीत, फावड्याच्या रुंदीच्या, बटाट्याच्या वाफ्यासारख्या सारख्या अंतरावर. मी मोजल्या. १५ डिसेंबर ते २ फेब्रुवारी, आठ बुधवार. साहेबांनी विचारलं, "हे काय?" सगळ्यांना कळलं होतं.

दोन महिने पाच हमाल जिथे बूट आपटतात, तिथे खाली पेन्सिलच लागणार. सुरीच लागणार. त्या बर्फावर घर बांधता आलं असतं.

तुम्ही आकडे उतरवले नव्हते. प्रत्येक आकडा खरा होता, म्हणूनच तुम्हाला एवढा राग आला, आणि त्या रागावर मी विश्वास ठेवला. तक्त्याच्या वरती एक ओळ असते. खड्ड्याची जागा. त्या एका ओळीत तुम्ही आठ वेळा लिहिलंत: काळा उतार, मोठ्या दगडाखाली.

त्या सकाळी सातला मी दोन म्हणाले. वेंडो तेव्हा रस्त्याच्या टोकाशी ओझं बांधत होता. मागून येणाऱ्या हमालाने मला सांगितलं, तो म्हणाला, "ताई दोन म्हणाली. चल."

मला फक्त एवढंच सांगा. का?

डोरोता


कामेन्ने विश्रामघर
रविवार, ६ मार्च

डोरा,

‘काका’ लिहू नकोस. बरोबर आहे.

ऑक्टोबरात लाकडं आणताना पडलो. उजवा गुडघा सुजला, ती सूज उतरलीच नाही. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने खाली राहायला सांगितलं असतं, आणि मग इथे दुसरा माणूस आला असता. मोठ्या दगडापर्यंतची चढण माझी वीस मिनिटांची. ८ डिसेंबरला मला दीड तास लागला आणि परत मी बसून घसरत आलो. पुढच्या बुधवारी विसाव्यापर्यंत गेलो, तिथे थांबलो आणि मनात म्हटलं, एकाच आभाळातून पडलेला बर्फ आहे, दोनशे पावलांनी काय बिघडतं.

तुडवलेला बर्फ बांधला जातो, असं आम्ही हमाल मानत आलो. तुझे आजोबा मानायचे. ते खरंच आहे. पण वाट बांधली जाते, उतार नाही. हे मला कळायला हवं होतं. मला कळत होतं की नाही, ते आता मलाही सांगता येत नाही.

तू विचारशील, वेंडोला का नाही पाठवलं खणायला. तो म्हणाला होता, "काका, मी जातो वर, तुम्ही सांगा कसं मोजायचं ते." मी नको म्हटलं. त्या उतारावर तासभर एका जागी उभं राहणं मला धोक्याचं वाटलं. पुन्हा वाच. मला धोक्याचं वाटलं. आणि रोज सकाळी मी त्याची त्याच उतारावरून वाट बघायचो.

त्या दिवशीही बघत होतो. थर्मासमध्ये चहा घेऊन विसाव्यावर बसलो होतो. तो वळणावर दिसला. ओझं मोठं होतं, गॅसची टाकी वर बांधलेली. मला पाहून त्याने काठी उंच केली. विसाव्यापासून चाळीस पावलं राहिली होती. मग आवाज आला, धान्याचं पोतं फरशीवर टाकल्यावर येतो तसा, आणि माझ्या डोळ्यांसमोर अख्खा उतार चालायला लागला. मी चाळीस पावलं पळू शकलो नाही. घरातले दोन पाहुणे आले, त्यांनी खणलं. सव्वा तास लागला. मी बसून होतो.

तुझं माफीचं पत्र त्याच्या छातीच्या खिशात होतं. ओलं झालं होतं, पण वाचता आलं. मोजेही होते. मी अंत्ययात्रेला आलो नाही, कारण वहिनींनी मला विचारलं असतं.

समितीला मी लिहून दिलंय. जागेची ओळ खोटी, आठही वेळा, कुणाला ठाऊक नव्हतं. हे शेवटचे तीन शब्द खोटे आहेत, डोरा.

वेंडोने ख्रिसमसला तुला सांगितलं होतं. परत आल्यावर मला म्हणाला, "काका, मी ताईला सांगितलं, तुम्ही आता आमच्या बाकामागेच खणता, आम्हाला सोबत होते, चहाही मिळतो." मी विचारलं, ती काय म्हणाली? "हसली. मासे उलटत होती." तीन दिवस मी धास्तावलो होतो. मग तुला पत्र लिहिलं, मुद्दाम लिहिलं, की तू बोलली नाहीस ते बरं केलंस. तुझं उत्तर आलं, निम्मं ऐकलं म्हणून. ती ओळ मी वाचली आणि न वाचल्यासारखी केली. आपल्या पोरीने संमती दिली, असं धरून चाललो. जानेवारीत पुन्हा लिहिलं, कुठे खणतो ते तुला ठाऊक आहे. तू लिहिलंस, जागेबद्दल बोललेच नव्हते.

मी विचारत नाही. का, हे विचारायचा हक्क तुझा एकटीचा आहे. पण तोच प्रश्न कुणी तुलाही विचारू शकेल.

गेझा


ब्रेझोव्हा
शुक्रवार, १८ मार्च

मी लिहिलं होतं, निम्मं ऐकलं. ते निम्मं हेच होतं.

बाकामागे, असं तो म्हणाला. माझ्या हातात उलथनं होतं. माझ्या मनात आलं, बाकामागे कसं, तिथे तर तुडवलेला बर्फ. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, करपतंय." मी मासा उलटला. नंतर विचारू, म्हटलं. ख्रिसमस होता, तुम्ही वर एकटे होता, आणि तुम्हाला विचारणं म्हणजे तुमचं काम घालवणं. जानेवारीत पाच तक्ते पुढे मांडले तेव्हा मला आठवलं होतं. मी आठवू दिलं नाही. आकडे उतरवण्याचा आरोप केला, कारण तो लहान होता. तो खोटा ठरला तर सगळंच खोटं ठरणार होतं. तुम्ही रागावलात आणि मला इतकं हलकं वाटलं की मी माफी मागितली.

समितीचा कागद सोमवारी तुमच्याकडे येईल. सही करा. त्यात सगळा दोष तुमचा आहे. तो मसुदा माझा आहे. ख्रिसमसचं मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. माझ्यासाठी नाही म्हणत. परवा भांडी घासता घासता आई म्हणाली, "वेंडो जेवताना कुठल्यातरी बाकाचं सांगत होता ना गं? तू हसली होतीस." मी म्हटलं, आठवत नाही.

अजून रोज सकाळी मीच आकडा सांगते. त्या दिवसापासून सगळ्या दऱ्यांना तीन देते. ऊन असो, काही असो, तीन. आता लोक हसतात. परवा एका विश्रामघराने रेडिओवर सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुम्हाला तीनपर्यंतच मोजता येतं का?"

डोरोता


कामेन्ने विश्रामघर
गुरुवार, ३१ मार्च

डोरा,

सही केली. हमालाबरोबर पाठवतो आहे. नवा आहे, चाळीस किलोला धापा टाकतो. खांब पुढच्या हिवाळ्यात उभा राहील. मी पंधरा एप्रिलला खाली उतरेन. तुमच्या गावात राहणार नाही.

ख्रिसमसचं मी कुणाला सांगणार नाही. पण तू ते माझ्यासाठी झाकतेस किंवा वहिनींसाठी झाकतेस, असं मला लिहू नकोस. मीही आठ बुधवार सगळ्यांसाठीच लिहीत होतो. मी माझी ओळ दुरुस्त केली आहे. तुझी तुझ्याकडे आहे. वहिनी अजून भांडी घासताना विचारतात, तोवर वेळ आहे. नंतर त्या विचारणार नाहीत.

मंगळवारी मी वर गेलो. जाताना हातापायांवर, येताना बसून. साडेचार तास लागले. तुटलेल्या कडेच्या पलीकडे उताराचा एक तुकडा अजून तसाच लटकून आहे, तिथे खणलं. तो तुकडा खाली आला नाही. मी पुष्कळ वेळ बसलो होतो.

तक्ता देतो. हा शेवटचा आहे, फाईलला लाव किंवा टाकून दे.

तारीख: २९ मार्च १९९४
खणणारा: गेझा हुदाक
खड्ड्याची जागा: काळा उतार, मोठ्या दगडाखाली
एकूण जाडी: एकशे अठ्ठ्याऐंशी
वरचे चाळीस: एक बोट
त्याखालचे सत्तर: पेन्सिल
त्याखालचे पन्नास: एक बोट
तळाचे अठ्ठावीस: मूठ. जोर लावावा लागला नाही. कोपरापर्यंत गेली.